'रँडचे सोजीर' म्हणून फिरणारा फोटो: त्यात काय दिसतं, काय दिसत नाही आणि का

प्रश्न थोडक्यात असा: "१८९७ च्या प्लेगचा एक फोटो 'पुण्यात रँडचे सोजीर घराची झडती घेताना' या ओळीखाली सगळीकडे फिरतो. फोटोत गोरे शिपाई, एक अधिकारी, दोन पागोटेवाले गृहस्थ आणि मागे घरातली माणसं आहेत. सगळे शांत उभे. रडारड नाही, धक्काबुक्की नाही. शाळेत आपण सोजिरांच्या जुलमाबद्दल शिकलो, त्यातलं काहीच इथे दिसत नाही. मग खरं काय मानायचं, फोटो की इतिहास?"

मी जुन्या छायाचित्रांच्या संग्रहांवर काम करतो आणि प्लेगच्या फोटोंबद्दल हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत नेहमी ऐकतो. उत्तर जरा लांबणार आहे, कारण 'फोटो की इतिहास' अशी निवड करायची वेळच येत नाही, हे या एका फोटोवरून नीट दाखवता येतं.

माणसांकडे नंतर येऊ. आधी मागची इमारत बघा. चार मजले आहेत. रस्त्याच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर लाकडी कठड्याची गॅलरी आहे आणि तळाला दुकानांच्या फळ्या. त्या काळी पुण्याच्या पेठांमधली घरं बहुतेक एक-दोन मजली होती आणि वाड्याचा स्वभाव याच्या अगदी उलटा: रस्त्याकडे जाड भिंत, मधे दिंडीचा दरवाजा आणि सगळं जगणं आतल्या चौकाभोवती. रस्त्यावर गॅलऱ्या टाकून चार मजले चढवलेली, भाडेकरूंनी खच्चून भरलेली अशी इमारत मुंबईची. मांडवी, डोंगरी, चिंचबंदर या भागात अशा इमारतींच्या रांगाच्या रांगा होत्या. म्हणजे हा फोटो मुंबईचा मानायला हवा. मुंबईचा असेल तर त्यातल्या शिपायांचा रँडशी काही संबंध उरत नाही, कारण रँड पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख होता आणि त्याचा अधिकार पुण्यापुरता होता.

गाव बदललं एवढंच झालं, असं वाटेल. पण गाव बदललं की फोटोतल्या प्रत्येक माणसाचा अर्थ बदलतो.

मुंबईत प्लेग उघडकीस आला सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला आणि जाहीरपणे सांगितला. शहर हादरलं. फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार लाखांहून जास्त माणसं मुंबई सोडून गेली होती. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, हे लक्षात घेतलं की त्या पळापळीचा आवाका कळतो. रुग्णाला उचलून नेतात आणि दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती सर्वत्र पसरली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला तो याच भीतीतून. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. त्याने घरात शिरणं, रुग्णाला हलवणं, सामान जाळणं, प्रवाशांना अडवणं या सगळ्याला कायद्याचा आधार दिला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईची प्लेग समिती बसली.

तोपर्यंत सरकार एक गोष्ट शिकलं होतं. नुसती सक्ती केली तर शहर रिकामं होतं, गिरण्या आणि गोदी बंद पडतात. म्हणून मुंबईच्या झडतीपथकांत शिपाई आणि डॉक्टर यांच्याबरोबर स्थानिक प्रतिष्ठितांना घेण्याचा प्रयत्न झाला. जस्टिस ऑफ द पीस ही पदवी मिळालेले व्यापारी, वकील, वेगवेगळ्या जमातींचे पुढारी यांना बरोबर घेतलं की लोक दार उघडतील, असा तो हिशेब. आता तुमच्या फोटोतले दोन पागोटेवाले गृहस्थ पुन्हा बघा. 'पुणे' या ओळीखाली ते झडतीला सापडलेले घरमालक वाटतात. पण त्यांचे पाय बघा, साहेबाच्या ओळीत आहेत. एकाच्या हातात कागद आहे. पोशाख घरातला नाही, बाहेर जाण्याचा आहे. हे गृहस्थ पथकातले आहेत. हा फोटो काढण्याचं एक कारणच ते आहेत. 'बघा, तुमचीच माणसं आमच्याबरोबर आहेत' हे या फोटोला सांगायचं आहे.

कुणाला सांगायचं आहे, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. मुंबईच्या त्या वर्षीच्या प्लेगचे जे फोटो आज जगभर दिसतात, त्यांतले बरेचसे कॅप्टन सी. मॉस या लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर आहेत. ते प्लेग समितीच्या कामाची नोंद म्हणून काढले गेले आणि अल्बमात लावले गेले. आज त्यांच्या प्रती लंडनच्या वेलकम या वैद्यकाच्या इतिहासाच्या संग्रहात आहेत आणि तिथूनच त्या इंटरनेटवर पसरल्या. या अल्बमचा वाचक मांडवीतला भाडेकरू नव्हता. वाचक होता कलकत्त्याचा आणि लंडनचा वरिष्ठ अधिकारी, युरोपातला डॉक्टर. युरोपीय देश तेव्हा मुंबईच्या मालावर आणि हज यात्रेकरूंवर बंदी घालण्याच्या पवित्र्यात होते. त्यांना दाखवायचं होतं की साथ आटोक्यात आणली जात आहे आणि काम शिस्तीत चाललं आहे. म्हणून अल्बमात रांगा भरपूर आहेत: खाटांच्या रांगा, शिपायांच्या रांगा, स्टेशनवर तपासल्या जाणाऱ्या प्रवाशांच्या रांगा. फोटोतली शांतता आली कुठून, तर या गरजेतून. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण माणसं त्या क्षणी तशी उभी होतीच. त्यांना तसं उभं केलं होतं.

आता पुण्याकडे येऊ, म्हणजे फरक स्पष्ट होईल. वॉल्टर चार्ल्स रँड फेब्रुवारी १८९७ मध्ये साताऱ्याहून पुण्यात आला. त्याच्या समितीने १३ मार्चपासून घरोघर झडती सुरू केली ती मुख्यतः लष्कराच्या जोरावर. डरहम लाइट इन्फंट्रीचा मेजर पॅजेट आणि त्याच्या हाताखाली गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी व शिपाई या कामाला होते. साध्या घरात गोरा शिपाई पायताणांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बायकांना बाहेर काढून काखा आणि जांघा तपासणं, सामान रस्त्यावर आणून जाळणं, देवांची विटंबना, चोऱ्या, अशा तक्रारींनी त्या महिन्यांतली मराठी वर्तमानपत्रं भरलेली आहेत. टिळक स्वतः पुण्यात थांबले होते. स्वच्छतेला आणि रुग्ण वेगळे ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता, हिंदूंसाठी प्लेगचा दवाखाना काढण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांचा राग होता पद्धतीवर. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. इथपर्यंतचं आपल्याला पाठ असतं.

मग यातलं फोटोत का येत नाही? पुण्यातही प्लेगच्या कामाचे फोटो काढले गेले, पण त्यांतही तुम्हाला देवघरात शिरलेला सोजीर सापडणार नाही. याचं एक कारण अगदी तांत्रिक आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. १८९७ मध्ये अशा कामाचा कॅमेरा म्हणजे बहुधा तिकाटण्यावरची जड पेटी आणि काचेच्या ड्राय प्लेटा, म्हणजे ज्यांवर फोटो उमटायचा त्या काचा. भर उन्हात उभ्या माणसांचा फोटो एका क्षणात निघायचा. पण वाड्याचं माजघर आठवा: एखादी खिडकी, शेणाने सारवलेली जमीन, धुराने काळवंडलेल्या भिंती. तिथे प्लेट बराच वेळ उघडी ठेवावी लागली असती आणि तेवढ्यात हलणारा माणूस नुसता धूसर पट्टा झाला असता. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड करण्याची सोय होती, पण झडतीच्या गडबडीत कोण ती पेटवणार? त्यामुळे कॅमेरा रस्त्यावर, अंगणात, छावणीच्या मैदानावर राहिला. तक्रारी ज्या गोष्टींबद्दल होत्या त्या उंबऱ्याच्या आत घडत होत्या. फोटोत जुलूम दिसत नाही यावरून जुलूम झाला नाही असा निष्कर्ष काढणं म्हणूनच चूक आहे. कॅमेरा जिथे पोचत नव्हता तिथलं तो काही सांगू शकत नाही, होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही.

दुसरं कारण असं की दोन्ही बाजूंकडची साधनंच वेगळी होती. सरकारकडे कॅमेरा आणि अहवाल होता. पुणेकरांकडे शाई होती. 'केसरी'चा अंक तेव्हा मजकुराचाच असायचा. त्यामुळे आज आपण 'त्या काळचं चित्र' शोधायला गेलो की एकाच बाजूचं चित्र हाती लागतं आणि दुसऱ्या बाजूचे फक्त शब्द. डोळ्यांना दिसलेलं आपण जास्त खरं मानतो, म्हणून शब्दांची बाजू नकळत कमकुवत वाटायला लागते. तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी हेच आहे.

पण शब्दांनाही तेच नियम लावायला हवेत, नाहीतर आपण पक्षपात करतो. मे १८९७ मध्ये पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यातल्या मुलींच्या हालांबद्दल 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी दोन स्त्रियांवर सोजिरांनी अत्याचार केल्याचं तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परतल्यावर पुरावा द्यायची वेळ आली तेव्हा तो देता आला नाही आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यावरून त्यांच्यावर आपल्याच लोकांनी किती टीका केली! पण तेव्हा रँडच्या खुनानंतरची धरपकड चालू होती आणि साक्षीला नाव पुढे करायची हिंमत कोण करणार, हेही विसरता येत नाही. रँडच्या समितीच्या अहवालात मात्र स्त्रियांच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वसनीय तक्रार आली नाही, असं समाधान नोंदलेलं आहे. रांगेतले ते शांत फोटो आणि अहवालातलं हे समाधान ही एकाच घरातली भावंडं आहेत. दोन्ही एकाच टेबलासाठी तयार झाली. म्हणून एकाला दुसऱ्याचा पुरावा म्हणून वापरायचं नाही.

एक गोष्ट मला फार लागून राहते. सावित्रीबाई फुले हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुण्यात लष्करी झडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. पाठीवर मूल घेतलेल्या सावित्रीबाईंचं जे चित्र आज सर्वत्र दिसतं ते पुढच्या काळातल्या चित्रकारांनी काढलेलं आहे. काही जण त्याला काळपट रंग देऊन जुना फोटो म्हणून फिरवतात. कृपा करून तसं करू नका. त्या माळावर कॅमेरा नव्हता, कारण तिथे सरकारला दाखवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तो कॅमेरा तिथे नसणं हीसुद्धा त्या काळाची माहितीच आहे, आणि बनावट फोटो ती पुसून टाकतो.

आतापर्यंत मी फोटो काढला गेला त्या वेळच्या संदर्भाबद्दल बोललो. नंतरच्या ज्ञानानेही चित्राचा अर्थ फिरतो, आणि प्लेगच्या संग्रहात याचं फार चांगलं उदाहरण आहे. मुंबईच्या फोटोंत पाण्याचा मोठा पंप पुन्हा पुन्हा येतो. जाड नळीतून पाण्याचा फवारा चाळीच्या भिंतीवर आणि गटारात मारला जातो आहे, बाजूला अधिकारी अभिमानाने उभे आहेत. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अॅसिड अशा रीतीने शहरभर ओतलं गेलं. १८९७ च्या प्रेक्षकाने हे बघून म्हटलं असेल, शास्त्र कामाला लागलं. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो ते कळलं नव्हतं. घाण, ओल आणि कोंदट हवा यांवरच संशय होता. जून १८९८ मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरची पिसू हा दुवा दाखवला, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. आता तोच फोटो बघा. गटारात पाणी सोडल्यावर उंदीर कुठे जाणार? शेजारच्या घरात. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा कुठे जाणार? माणसावर. फोटोतला एक ठिपकाही बदललेला नाही, पण काही वर्षांत त्याचा अर्थ उलटा झाला. त्या अधिकाऱ्यांना मूर्ख ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्या वेळच्या ज्ञानात त्यांची कृती योग्यच होती. आपण बघताना दोन्ही अर्थ एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवायचे.

भिंतींवरच्या खुणांचंही तसंच. काही फोटोंत दारांवर रंगवलेली वर्तुळं दिसतात, ती त्या घरातल्या प्लेगच्या मृत्यूंची खूण. काही इमारतींवर 'यू. एच. एच.' अशी तीन इंग्रजी अक्षरं आहेत, म्हणजे माणसाला राहायला अयोग्य. समितीच्या दृष्टीने ही कामाची नोंद. आत राहणाऱ्याच्या दृष्टीने आपल्या दुःखाची रस्त्यावर केलेली जाहिरात. वाळीत टाकणं म्हणजे काय हे माहीत असलेल्या समाजात त्या वर्तुळाचा अर्थ नुसता वैद्यकीय राहत नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात रिपन रोडवर एका आजारी मुलीला घरातून नेण्यावरून विणकरांची आणि पथकाची चकमक उडाली आणि दंगल पेटली. वर्तुळाच्या फोटोजवळ ही घटना ठेवली तरच तो फोटो पूर्ण वाचता येतो.

मुंबई-पुण्याबाहेरचं एकच उदाहरण देतो. फेलिचे बियातो हा मूळचा इटालियन छायाचित्रकार १८५८ मध्ये लखनौला पोचला. त्याच्या सिकंदरबागेच्या फोटोत पडकी इमारत आणि पुढच्या अंगणात विखुरलेले माणसांचे सांगाडे आहेत. लढाई नुकतीच संपली असं वाटतं. पण सिकंदरबागेत सुमारे दोन हजार बंडवाले मारले गेले ते १६ नोव्हेंबर १८५७ ला, आणि फोटो त्यानंतर काही महिन्यांनी काढलेला आहे. हाडं उकरून अंगणात मांडली गेली, असं तेव्हाच्या लोकांनीच लिहून ठेवलं आहे. लंडनच्या प्रेक्षकाला तो सूडाचा आणि विजयाचा फोटो होता. आज आपण तो बघतो तेव्हा आपल्याला मेलेल्यांना अंत्यसंस्कारही मिळाले नाहीत हे दिसतं. मांडणी बियातोची असली तरी मृत्यू खरे होते. म्हणून 'हा फोटो रचलेला आहे' एवढ्यावर थांबणाऱ्या लोकांशी माझं पटत नाही. रचलेला आहे, मग कुणी रचला, कशासाठी, आणि रचण्यासाठी हाताशी काय होतं, हे विचारल्यावरच काहीतरी हाती लागतं.

मार्च २०२० मध्ये हेच प्लेगचे फोटो अचानक सगळ्यांच्या मोबाइलवर आले. १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला होता, स्टेशनांवर तपासण्या सुरू होत्या आणि लोक गावाकडे निघाले होते. तेव्हा अनेकांनी या फोटोंत स्वतःला बघितलं. त्यात गैर काही नाही, फोटो असेच जिवंत राहतात. पण त्याच लाटेत ओळी बदलल्या गेल्या: मुंबईचे फोटो पुण्याचे झाले, कराचीचे मुंबईचे झाले, १९०० नंतरचे १८९७ चे झाले. तुमच्याकडे आलेली ओळ बहुधा त्याच काळात चिकटली असावी. आपल्या मनात रँडची गोष्ट पक्की आहे, त्या गोष्टीला चेहरा हवा होता, तो या फोटोने पुरवला.

तुम्हाला हा फोटो कुठे वापरायचा असेल तर आधी मूळ संग्रहातली नोंद काढा आणि तिथली इंग्रजी ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. ती ओळ म्हणजे सत्य नव्हे, पण फोटो पहिल्यांदा कसा वाचला जावा अशी अपेक्षा होती ते ती सांगते. पूर्ण पुठ्ठ्यासकट चित्र मिळालं तर उत्तम. कडा कापलेल्या फोटोवर कधीच विसंबू नका, क्रमांक आणि हाताने लिहिलेली नोंद तिथेच असते. अल्बमात त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान कोणतं आहे तेही बघा. झडतीनंतर लगेच स्वच्छ खाटांचा दवाखाना येत असेल, तर मधे काय गाळलं गेलं ते तुमच्या लक्षात येईल: हातगाडीवरून किंवा डोलीतून नेलं जाणारं माणूस, दारात उभी बाई, जळणारी गोधडी.

आणि फोटोखाली ओळ द्यायचीच असेल तर मी अशी देईन: "प्लेगच्या काळातलं झडतीपथक, बहुधा मुंबई, १८९७. पथकात शिपायांबरोबर स्थानिक प्रतिष्ठितही आहेत. सरकारी कामाच्या नोंदीसाठी काढलेला फोटो. घरातल्या माणसांची नावं नोंदलेली नाहीत." पुण्याच्या झडतीबद्दल लिहायचं असेल तर हा फोटो लावू नका. त्या जागी त्या महिन्यांतलं 'केसरी'चं पान लावा.